निवासी शाळांनी गावातल्या मुलांना दार बंद करू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दर वर्षी परीक्षांचा हंगाम संपत आला की निवासी शाळांच्या जाहिरातींना भर येतो, आणि आपल्या दैनिकाच्या प्रवेशविषयक पुरवणीतही त्या असतातच. अलीकडे या जाहिरातींत एक नवी गोष्ट दिसू लागली आहे. ज्या शाळांत आजवर वसतिगृहात राहणारी आणि गावातून ये-जा करणारी मुले एकाच वर्गात बसत होती, त्यांपैकी काही शाळा आता आपण ‘पूर्णतः निवासी’ झालो आहोत, असे ठळक अक्षरांत सांगतात. बाहेरगावच्या पालकाला हे वाचून निश्चिंत वाटावे, अशीच सारी मांडणी असते: शिस्त एक, वेळापत्रक एक, बाहेरचा वारा नाही. पाचगणी-वाई परिसरातल्या अशाच एका विनाअनुदानित, सहशिक्षणाच्या शाळेत मी गणित शिकवले आणि मध्यंतरी काही वर्षे मुलींच्या वसतिगृहाची वॉर्डन म्हणूनही काम पाहिले. त्या अनुभवावरून मला ठामपणे वाटते की, डे-स्कॉलर, म्हणजे गावातून ये-जा करणाऱ्या, मुलांना बाहेर काढणारी शाळा अधिक चांगली होत नाही; अभ्यास आणि राहणे या दोन्ही बाबतींत ती उणी होते. हा निर्णय केवळ संस्थाचालकांचा खासगी मामला म्हणून सोडून देता येणार नाही.

पूर्ण निवासी करण्याच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा वेळेचा असतो, आणि तो खोटा नाही. बोर्डर, म्हणजे वसतिगृहात राहणाऱ्या, मुलाचा दिवस पहाटेच्या पीटीने सुरू होतो. प्रार्थना, तासिका, जेवण, पुन्हा तासिका, मग मैदान, आंघोळ, संध्याकाळची सक्तीची स्टडी, रात्रीचे जेवण आणि लहान वर्ग सोडले तर पुन्हा तासभर अभ्यास, असा तो रात्री दहाला संपतो. डे-स्कॉलर मात्र शेवटची घंटा झाली की दप्तर आवरून एसटीच्या थांब्याकडे पळतो, कारण पुढची गाडी चुकली तर गावात पोहोचायला अंधार पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये पसरणी घाटात धुके उतरले किंवा दरड आली की वर्गातली काही बाके रिकामी राहतात आणि शिक्षकाला तोच भाग पुन्हा शिकवावा लागतो. बोर्डरच्या पदरात रोज दोन-तीन तास अधिक पडतात, हे कोणीही मान्य करील. पण त्या तासांत नेमके काय घडते, हे जाहिरातीत लिहिलेले नसते.

स्टडीच्या खोलीत रात्री फेरी मारणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते की, तीस मुले एका खोलीत बसली म्हणजे तीस डोकी चालतात असे नाही. वर्गात एक-दोन हुशार मुले असतात, त्यांची वही आधी पुढच्या बाकावर जाते, मग मागच्या, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ज्या वह्या येत त्यांत तीच पद्धत, तेच उत्तर आणि चुकलेच तर चौथ्या ओळीतली तीच वजा-अधिकची चूक सर्वांकडे असे. याला कॉपी म्हणावे की सहवास, हा वाद बाजूला ठेवू. मुद्दा असा की, घरी एकटीने, स्वयंपाकघराच्या उजेडात बसून सोडवलेली डे-स्कॉलर मुलीची वही या गठ्ठ्यात लगेच ओळखू येई. तिचे उत्तर कधी बरोबर असे, कधी साफ चुकलेले असे, पण वाट तिची स्वतःची असे. फळ्यावर दोन्ही रीती शेजारी शेजारी मांडल्या की वर्ग जागा होत असे, आणि गणिताच्या शिक्षकाला याहून अधिक काही मागायचे नसते.

एक प्रसंग सांगते. ही गोष्ट २०१६ च्या आधीची, म्हणजे फळे-भाजीपाल्याची आडत, म्हणजे बाजारातल्या आडत्याची दलाली, शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, कापली जात असे त्या काळातली. आठवीच्या वर्गात दलाली आणि सूट यांवरची उदाहरणे चालली होती. पुस्तकातली उदाहरणे टीव्ही संच आणि साड्यांची होती. मुले सूत्रात आकडे घालून उत्तर काढत होती आणि मनातून कंटाळली होती. भिलारकडून येणाऱ्या एका मुलीने दुसऱ्या दिवशी वडिलांची स्ट्रॉबेरीची पट्टी वर्गात आणली. वाशीच्या बाजारातल्या गाळ्यावरून आलेला तो पातळ कागद होता: वर एकूण रक्कम, खाली आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडे, आणि तळाला हातात येणारी रक्कम. पुस्तकात दलाली एका ओळीत संपते; इथे एकावर एक वजाबाक्या होत्या, आणि प्रत्येक वजाबाकीला टक्केवारी काढायची की नगावर दर लावायचा, हेही ठरवावे लागत होते. त्याच वर्गात नवी मुंबईहून आलेला एक बोर्डर मुलगा होता, ज्याच्या घरचा बाजारात गाळा होता. तो उठून म्हणाला की आडत्याचाही माल सडतो, उधारीही बुडते, मग त्याने काय करायचे? पुढची पंधरा मिनिटे मी जवळजवळ काहीच बोलले नाही. दोघांनाही आपापली बाजू आकड्यांनीच पटवायची होती, त्यामुळे शतमान, नफा-तोटा आणि सरासरी हे तिन्ही धडे एका तासात येऊन गेले. हा वर्ग केवळ बोर्डर मुलांचा असता तर ती पट्टी आली नसती, आणि केवळ गावातल्या मुलांचा असता तर गाळ्याची बाजू मांडणारे कोणी नसते.

भाषेच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे करणारा कायदा महाराष्ट्राने २०२० मध्ये केला आणि तो योग्यच आहे. परंतु सुरत, इंदूर किंवा दुबईहून आलेल्या मुलाला मराठी बोलायला लावते ती आठवड्यातली मराठीची तासिका नव्हे. कबड्डीच्या मैदानावर ‘अरे, पाय लागला, आऊट आहेस तू’ म्हणून भांडणारा पाचगणीचा मुलगा त्याला मराठी शिकवतो. डे-स्कॉलर नसलेल्या इंग्रजी माध्यमाच्या वसतिगृहात मराठी केवळ मेसमधल्या मावशींशी आणि माळीकाकांशी बोलायची भाषा होऊन बसते. मुलांच्या मनात त्यामुळे तिची कोणती जागा ठरते, हे निराळे सांगायला नको. याउलट गावातल्या मुलांचे इंग्रजी बोर्डर मित्रांच्या संगतीत ज्या वेगाने मोकळे होते, तो वेग कोणत्याही स्पोकन इंग्लिशच्या क्लासला गाठता आलेला मी पाहिला नाही.

अर्थात, मिश्र शाळांत सारे आलबेल असते, असे मी म्हणणार नाही. डे-स्कॉलर मुलांची सर्वांत मोठी तक्रार रास्त आहे: शाळेतल्या चांगल्या गोष्टी संध्याकाळी घडतात आणि त्या वेळी ती मुले रस्त्यात असतात. नाटकाच्या तालमी, विज्ञान मंडळ, दुर्बिणीतून तारे पाहणे, वादविवादाची तयारी हे सारे सहानंतर. हाउसच्या, म्हणजे शाळेतल्या गटांच्या, स्पर्धांत गुण मिळवायला जो सराव लागतो, तो त्यांना मिळत नाही. मंडळाच्या परीक्षेतही हे उमटते. सीबीएसई आणि आयसीएसई या दोन्हींत लेखी परीक्षेला ऐंशी गुण आणि अंतर्गत मूल्यमापनाला वीस, अशी विभागणी बहुतेक विषयांत असते. राज्य मंडळातही अंतर्गत गुण आहेतच. हे वीस गुण प्रकल्पांवर, प्रयोगवहीवर, सादरीकरणावर अवलंबून असतात. बोर्डर मुलाला त्यासाठी ग्रंथालय, संगणक आणि शिक्षक रात्री आठपर्यंत उपलब्ध असतात. गावातले मूल मात्र स्टेशनरीच्या दुकानातला तयार प्रकल्प विकत आणते, आणि मग आपण त्यालाच दोष देतो.

पण या तक्रारीवरचा उपाय त्या मुलांचा प्रवेश बंद करणे हा खचितच नव्हे. सहलीसाठी ज्या शाळा चार-चार बस उभ्या करतात, त्यांना स्टडी संपल्यावर आसपासच्या गावांना एक बस सोडणे अशक्य नाही. काही शाळांत ‘डे-बोर्डिंग’ची पद्धत आहे; मूल दुपारचे जेवण आणि संध्याकाळचे खाणे मेसमध्येच घेते, मैदान आणि पहिली स्टडी पुरी करते आणि मग घरी जाते. शुल्क थोडे वाढते, पण वसतिगृहाच्या शुल्कापुढे ते काहीच नसते. ही व्यवस्था नीट चालवली तर वेळेचा मुद्दा बराचसा निकालात निघतो. पावसाळ्यात दरड पडलीच तर गावातल्या मुलीला एक रात्र वसतिगृहात ठेवून घेण्याची सोयही हवी. त्यासाठी अंथरुणाचे चार जादा संच आणि पालकांचे आधी घेऊन ठेवलेले संमतिपत्र, एवढेच लागते.

आता राहण्याविषयी. नव्याने आलेली मुले पहिल्या आठवड्यात फारशी रडत नाहीत, कारण सारे नवे असते. ती रडतात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आणि पुन्हा दिवाळीच्या सुट्टीवरून परतल्यावर. त्या वेळी मेट्रनच्या मायेचा आणि समुपदेशकाचा उपयोग होतोच, पण वर्गातली एखादी मैत्रीण रविवारी आपल्या घरी घेऊन जाते आणि तिची आई ‘जेवून जा गं’ म्हणते, त्याची बरोबरी कशाला नाही. अशा घरी जाण्यासाठी पालकांचे लेखी पत्र, नेण्या-आणण्याची नोंद आणि ठरलेली वेळ हे सारे कटाक्षाने पाळले जावे, याबाबत मी वॉर्डन म्हणून कडकच होते. तरीही तो दरवाजा बंद करावा, असे मला कधी वाटले नाही. मधल्या सुट्टीत डब्यातली भाकरी-ठेचा आणि मेसमधला पुलाव यांची अदलाबदल शाळेच्या नियमाविरुद्ध चाले; ‘अ‍ॅलर्जी, आजार, जबाबदारी’ अशी त्यामागची कारणे होती आणि ती चुकीची नव्हती. पण बहुतेक शिक्षक त्या वेळी दुसरीकडे पाहत, हेही खरे. बोर्डर मुलांना वेफर्स, मॅगी आणि क्वचित सिम कार्ड पुरवण्याचे काम डे-स्कॉलर मुले करतात, हा आरोप नेहमी होतो. तो खरा आहे. पण पूर्ण निवासी शाळांत हीच कामे कुरिअर, भेटीला येणारे मामा आणि कॅन्टीनचा पोऱ्या करतात, एवढाच फरक.

सहशिक्षणाचा प्रश्न या चर्चेत बाजूला पडतो, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिते. पाचगणीचा इतिहास या बाबतीत गमतीचा आहे. किमिन्स ही शाळा सुरुवातीला युरोपीय मुला-मुलींची एकत्र होती. १९०२ मध्ये ती केवळ मुलींची झाली आणि मुलांचा विभाग वेगळा होऊन पुढे सेंट पीटर्स म्हणून वाढला. म्हणजे एकत्र असलेले आपण वेगळे केले आणि नंतर १९२२ च्या संजीवन विद्यालयाने आणि १९४५ च्या न्यू एरा शाळेने ते पुन्हा एकत्र आणले. आज बहुतेक नव्या निवासी शाळा सहशिक्षणाच्या आहेत, पण ते सहशिक्षण अनेक ठिकाणी शेवटच्या घंटेला संपते. मुलींच्या वसतिगृहाला सूर्यास्ताला कुलूप लागते आणि मुले मात्र दिवे लागेपर्यंत फुटबॉल खेळत असतात. ग्रंथालयात मुलांना साडेआठपर्यंत बसता येते, मुलींना सातपर्यंत. कारण विचारले तर ‘सुरक्षितता’ हे उत्तर तयार असते. आवारातच असलेल्या ग्रंथालयात जाणे मुलीसाठी असुरक्षित असेल, तर त्या आवाराच्या व्यवस्थेची चौकशी व्हायला हवी. मुलीचा दीड तास कापून घेणे हा त्यावरचा उपाय नाही. या बाबतीत डे-स्कॉलर मुलींचा नकळत एक उपयोग होतो. रोज एसटीने घाट चढून येणारी, शेतातून वाट काढत घरी जाणारी मुलगी वर्गात असली की ‘मुलींना हे जमणार नाही’ असे म्हणणाऱ्या शिक्षकाला जरा थबकावे लागते.

निवासी शिक्षण ही केवळ इंग्रजांनी थंड हवेच्या ठिकाणी आणलेली चैन आहे, असाही एक समज आहे. सातारा-कोल्हापूरच्या लोकांनी तरी तो बाळगू नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगे उभी केली ती वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांसाठी, आणि ती मुले शिकायला जात ती गावातल्याच शाळांत. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठीच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला गेल्यामुळे ज्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले, त्या भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. त्यांच्याच रयत शिक्षण संस्थेचे साताऱ्याचे महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले १९४० मध्ये. तोवर बोर्डिंगमधली मोठी मुले गावातल्या हायस्कुलांत जात. आपल्याकडे बोर्डिंग आणि गाव यांच्यामध्ये भिंत नव्हती. ती आता, शिक्षणाचा खर्च कित्येक पटींनी वाढल्यावर, आपण बांधत आहोत.

शाळा असे का करतात, यामागे पैसा हे उघड कारण आहे. एका बाकावर बसणाऱ्या बोर्डरकडून मिळणारे शुल्क डे-स्कॉलरच्या काही पट असते, आणि विनाअनुदानित शाळेला शिक्षकांचे पगार त्यातूनच द्यायचे असतात. यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. दुसरे कारण फारसे बोलले जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ च्या निकालात शिक्षणहक्क कायदा वैध ठरवताना असे स्पष्ट केले की, जिथे डे-स्कॉलर आणि बोर्डर दोन्ही आहेत, तिथे हा कायदा डे-स्कॉलर मुलांनाच लागू होऊ शकतो, बोर्डरना नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की, डे-स्कॉलरच नसले तर वंचित मुलांसाठीच्या पंचवीस टक्के जागांचा प्रश्नही उरत नाही. पाचवीपासून सुरू होणाऱ्या शाळांना हा नियम तसाही लागत नाही, कारण त्या जागा पहिलीच्या किंवा पूर्वप्राथमिकच्या प्रवेशापुरत्या आहेत. त्यामुळे प्रत्येक शाळेच्या हेतूवर मी संशय घेत नाही. पण ज्यांचे पहिलीपासूनचे वर्ग आहेत आणि ज्यांनी अचानक स्थानिक प्रवेश थांबवले आहेत, त्यांना कारण विचारण्याचा अधिकार शिक्षण विभागाला असला पाहिजे. सरकारी शाळा जवळ असल्यास खासगी शाळांना या जागांतून सूट देण्याचा राज्य सरकारचा २०२४ चा प्रयत्न मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. पुढच्या दाराने जे जमले नाही, ते या मागच्या दाराने होऊ नये.

आणखी एक बाब देखरेखीची. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०१८ मध्ये शैक्षणिक संस्थांच्या वसतिगृहांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, परंतु कागदावरच्या सूचनांपेक्षा रोज फाटकातून आत येणारे डोळे अधिक कामाचे असतात. शुल्क विनियमन कायद्यानुसार शाळेच्या पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडली जाते. त्या समितीत जयपूरच्या पालकाचे नाव निघाले तर तो वर्षातून एखाद्या बैठकीला येतो; वाईच्या किंवा भोसे गावच्या पालकाचे निघाले तर तो प्रत्येक बैठकीला येतो, आणि बैठक नसली तरी मेसच्या आमटीविषयी, गळक्या छपराविषयी, एखाद्या शिक्षकाच्या हात उगारण्याविषयी त्याला आपल्या मुलाकडून त्याच संध्याकाळी कळलेले असते. दूरच्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे की, गावातली मुले वर्गात असणे ही त्यांच्या स्वतःच्या मुलांचीही सुरक्षितता आहे.

म्हणून शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की, निवासी शाळांची मान्यता वाढवताना स्थानिक प्रवेश थांबवल्यास त्याचे लेखी कारण घेण्याची अट घालावी आणि ते तालुक्याच्या ठिकाणी जाहीर करावे. संस्थाचालकांना विनंती आहे की, शुल्काचे गणित जुळत नसेल तर डे-बोर्डिंगचा पर्याय आधी तपासावा, आणि निदान आज शिकत असलेल्या गावातल्या मुलांना दहावीपर्यंत त्याच शाळेत राहू द्यावे. सातवी-आठवीत शाळा बदलावी लागणे मुलाला किती महागात पडते, हे त्यांनाही ठाऊक आहे. आपल्या दैनिकानेही पुढच्या वर्षीच्या पुरवणीत प्रत्येक निवासी शाळेच्या दहावी-बारावीच्या टक्क्यांशेजारी आणखी दोन रकाने छापावेत: शाळेत बोर्डर किती आणि डे-स्कॉलर किती, आणि मुलींना व मुलांना ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
वाई, जि. सातारा